शिवण, विणकाम, गोधडी: एकत्र बसून शिकणाऱ्यांचा धागा

धावदोरा (पुणे)

"व्हिडिओ बघून शिवणकाम येतं का?" हा प्रश्न इथे दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतं आणि उत्तरं त्या त्या धाग्यात विरून जातात. म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

माझं मत आधीच सांगते. व्हिडिओ बघून रीत कळते, हात बसत नाही. हात बसायला आपला हात बघणारं माणूस शेजारी लागतं.

आमच्या भागातल्या एका हॉलमध्ये शनिवारी दुपारी शिवणवर्ग भरतो. नवीन आलेल्यांना मशीनवर बसवण्याचं काम माझ्याकडे असतं. पहिल्या दिवशी मशीनला दोरा नसतोच. जुन्या वहीचा कागद घ्यायचा, त्यावर पेन्सिलीने सरळ रेघा ओढायच्या आणि बिनदोऱ्याच्या सुईने त्या रेघांवरून टीप मारायची. मग नागमोडी रेघ, मग काटकोन, मग चकलीचा वेढा. कोपरा आला की सुई खाली रुतलेली ठेवून फूट (कापड दाबून धरणारा भाग) उचलायचा, कागद वळवायचा, फूट पुन्हा टेकवायचा. पायाचा ठेका बसलेला नसेल तर चाक उलटं फिरतं आणि सगळं अडतं. नव्या माणसाची हमखास खोड म्हणजे कापड पुढे सरकत नाहीसं वाटलं की मागून खेचायचं. मग टाके लांब-आखूड पडतात, सुई वाकते, कधी प्लेटवर आपटून तुटते. खेचणारीला हे कळत नाही, कारण तिची नजर सुईवर असते. शेजारच्या मशीनवरची म्हणते, "अगं ओढू नकोस, सुईखालचे दाते नेतील आपोआप." हे वाक्य नेमक्या त्या क्षणी कानावर पडतं म्हणून लागू पडतं.

आम्ही शिकवायला बाळंतविडा घेतो. दुपटं, झबलं, टोपडं, कुंची. जुन्या वर्गांमधून हेच शिकवत आणि त्यामागे पक्का विचार होता. दुपट्यात चार सरळ कडा आणि चार कोपरे. झबल्याला वळणदार गळा आणि मुंढा (बाहीचा घेर), त्याला तिरक्या पट्टीचा गोट. टोपड्याला चुण्या. कापड इवलंसं लागतं, त्यामुळे बिघडलं तरी जीव हळहळत नाही. शिवाय बाळाच्या अंगाला टोचू नये म्हणून आतली शिवण सफाईने करावीच लागते. मोठ्यांच्या कपड्यात जी घिसाडघाई खपून जाते, ती इथे चालत नाही. आम्ही यासाठी वापरून मऊ झालेलं धोतर किंवा सुती साडी आणायला सांगतो. नवं सुती कापड असेल तर आधी रात्रभर भिजवून वाळवायचं, नाहीतर शिवल्यावर आटतं.

एकत्र शिकण्याची ही चाल आपल्याकडे जुनी आहे. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथे शाळेच्या शिक्षणाबरोबर शिवणकामही शिकवलं जाई. विधवा आणि परित्यक्ता बायकांना स्वतःचे चार पैसे मिळावेत, हा हेतू होता. मुंबईत वरळीला १९६७ मध्ये श्रमिक विद्यापीठ निघालं. कामगार वस्तीतल्या लोकांना कामाच्या वेळा सांभाळून शिकता यावं, अशी त्यामागची कल्पना. आजची जन शिक्षण संस्थानं ही त्याचीच पुढची पिढी. अशा वर्गांनी कितीतरी घरं उभी केली आहेत. आणि घराबाहेर पडून दोन तास बसायला हक्काची जागा मिळणं ही कमाई कुठल्याच हिशेबात येत नाही, पण मला ती शिवणाइतकीच मोलाची वाटते.

तुमच्याकडे कसं चालतं? काय टिकलं, काय बंद पडलं, कशामुळे? सविस्तर लिहा.

खांबसाखळी (डोंबिवली)

फार गरजेचा धागा. वाचनखूण साठवली.

मी क्रोशा शिकवते. ताई, तुम्ही शेजारी बसण्याबद्दल लिहिलंय, त्यात एक भर घालते. डावखुऱ्या मुलींना शेजारी नको, समोर बसवा. समोरून बघताना उजव्या हाताचं काम त्यांना आरशातल्यासारखं डाव्या हाताचं दिसतं आणि त्या पटकन उचलतात. मी स्वतः डावखुरी आहे आणि लहानपणी मला "हाताला वळणच नाही" असं ऐकावं लागलं होतं, म्हणून हे आवर्जून लिहितेय.

दुसरं म्हणजे सुरुवातीला काळा किंवा गर्द निळा दोरा कुणालाच देऊ नका. साखळीचं भोक दिसत नाही, सुई भलतीकडे घुसते, माणूस कंटाळतं. फिकट रंग, जरा जाड दोरा, आणि फक्त साखळी. साखळी एकसारखी पडायला लागली की मुका खांब (आखूड टाका), मग खांब (उंच टाका). पहिल्याच दिवशी फूल करून घरी न्यायचा हट्ट शिकवणाऱ्यानेच धरू नये.

मापटेप (सांगली)

माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. धाग्याचं स्वागत आहे, पण काही गोष्टी खटकतात त्या मोकळेपणाने लिहितो.

हल्ली दोन दिवसांत ब्लाउज शिका अशा जाहिराती गावोगाव दिसतात. अशा एका ठिकाणी आमच्या नात्यातली मुलगी चांगले पैसे भरून जाऊन आली. तिथे कापड आधीच बेतून ठेवलेलं होतं, तिने फक्त टिपा मारल्या. ब्लाउज तयार झाला, फोटो निघाला, प्रमाणपत्र मिळालं. घरी आल्यावर आईचा ब्लाउज बेतायला घेतला तर सुरुवात कुठून करायची हेच तिला कळेना. याला शिकवणं म्हणत नाहीत.

बेतणं हा या कामाचा कणा आहे. छाती ३६, तिचा चौथा भाग ९, त्यावर सैलपणा आणि शिवणीचा दाब, हे गणित कुणीही पाठ करील. पण माणसाचं अंग गणितात बसत नाही. उदाहरण देतो. ब्लाउज घातल्यावर गळ्याकडून काखेकडे तिरक्या चुण्या पडत असतील तर समजायचं की बाईंचे खांदे उतरते आहेत. अशा वेळी खांदा गळ्याकडे तसाच ठेवून मुंढ्याच्या टोकाला अर्धा इंच उतरवायचा, आणि जेवढा उतरवला तेवढाच मुंढा खाली घ्यायचा. नुसता खांदा उतरवून मुंढा तसाच ठेवला तर काखेत काचतो. आमचे वडील गिऱ्हाईक दारातून आत येतानाच खांदे आणि पाठीचा बाक बघून घेत, टेप नंतर. ती नजर यायला वर्षं जातात.

सरकारी योजनांचंही तेच. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपी आहे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोजचा ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर. ज्याला काम येतं त्याला उजळणी आणि हातभार म्हणून हे चांगलंच आहे, आमच्या ओळखीतल्यांना उपयोग झालाय. पण कोऱ्या माणसाला तेवढ्यात शिंपी करता येत नाही, हे शिकणाऱ्याला कुणीतरी खरं सांगायला हवं.

आणि शेवटचं. "हौशी मंडळी फुकटात शिकवतात" हे कौतुकाने सांगितलं जातं. त्यात ज्याचं पोट या कामावर आहे त्याने काय करायचं, याचाही विचार व्हावा.

धावदोरा (पुणे)

@मापटेप दादा, दोन दिवसांच्या ब्लाउजबद्दल शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे ब्लाउज पहिल्या काही महिन्यांत घेतच नाही. सहा कळ्यांचा परकर नीट जमल्याशिवाय पुढे नाही, कारण कळ्या जोडताना उभा धागा आणि तिरका धागा यांतला फरक हाताला कळतो. तिरकी बाजू ताणून शिवली की परकराचा घेर खाली लोंबतो, ते एकदा डोळ्यांनी बघावंच लागतं.

मोबदल्याच्या मुद्द्यावर मात्र सविस्तर बोलू या. बाकीच्यांचंही येऊ द्या.

नवीनसुई (ठाणे)

मी अगदीच नवखी आहे. वर्ग लावायचाय, पण त्याआधी मशीन घ्यावं का? बजेट बेताचं आहे. घरच्यांचं म्हणणं, पैसे वाया जातील.

मापटेप (सांगली)

@नवीनसुई ताई, आधी वर्ग, मग मशीन. वर्गातल्या मशीनवर हात बसू द्या. घ्यायची वेळ येईल तेव्हा साधं सरळ टाक्याचं पायमशीन जुनं मिळालं तरी पुष्कळ. त्यावर गती आपल्या पायात असते, शिकणाऱ्याला तेच बरं.

जुनं घेताना दोरा काढून चाक हाताने फिरवून बघा. कुठे अडकतं का, खटखट होते का. सुईच्या खालच्या प्लेटच्या भोकाला ओरखडे असतील तर तिथे दोरा सतत तुटणार. बॉबिनकेस (खालच्या दोऱ्याची डबी) सैल बसत असेल तर तीही बदलावी लागेल. मग स्वतःच्या हाताने सुती कापडावर दुहेरी टीप मारून दोन्ही बाजू बघा. खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे दिसले तर बहुतेक वेळा वरचा ताण सैल असतो किंवा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. ते दुखणं नाही, तिथल्या तिथे सुटतं. सुईच्या अंगावर एका बाजूला लांब खोबण असते. ती ज्या बाजूला, त्या बाजूने दोरा ओवायचा. तलम कापडाला ११ नंबर, पॉपलिनला १४, जाड खादी किंवा जीन्सला १६-१८. एकाच सुईने सगळं शिवणारे लोक मशीनला दोष देत बसतात.

वाकळ (लातूर जिल्हा)

शहरातल्या वर्गांबद्दल वाचून छान वाटलं. आमच्याकडचं सांगते. मी बचत गटांच्या बायकांबरोबर काम करते.

खेड्यात वर्ग कधी घ्यायचा हा पहिला प्रश्न. सोयाबीनची काढणी सुरू झाली की वर्गात कुणी येत नाही आणि यायला सांगूही नये, ती मजुरी वर्षाचा आधार असते. रब्बीची सुगी उरकली, ऊन तापायला लागलं की बायकांना दुपार मोकळी मिळते. पूर्वी गोधड्याही याच दिवसांत शिवायच्या. धुऊन टाकलेली लुगडी तासाभरात वाळतात आणि सावलीत बसून काम होतं. दुपारी एक ते चार ही वेळ आम्हाला सगळ्यात सोयीची पडली. लेकरं सोबत येतात, त्यांच्याकडे बघायला एकीला नेमावंच लागतं. ती जर ठरलेली नसेल तर नव्या सुना आपोआप गळतात.

जिल्ह्याच्या ठिकाणी आरसेटीमध्ये (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) महिनाभराचं शिवण प्रशिक्षण मोफत असतं, राहणं-जेवणंही तिथेच. शिकवतात चांगलं. पण दुभती म्हैस, म्हातारी सासू आणि शाळेतली लेकरं टाकून महिनाभर कोण जाणार? ज्यांना जाता येतं त्यांनी जरूर जावं. बाकीच्यांसाठी गावातच वर्ग हवा, आणि तिथे पायमशीनच हवं, कारण विजेचा भरवसा नाही.

आता गोधडीबद्दल. आमच्याकडे वाकळ म्हणतात. आम्ही गोधडीचा वर्ग काढला तेव्हा शिकवायला गावातल्या आज्या बसवल्या. वरचा आणि खालचा थर चांगल्या लुगड्याचा, मधे विटलेल्या सुती साड्या आणि धोतरं. चौघी चार कोपऱ्यांना बसून थर ताणून घेतात, हाताच्या पंज्याने मधल्या सुरकुत्या बाहेर काढत आणतात आणि लांब टाक्यांनी सगळं कच्चं धरतात. मग धावदोरा. कडेपासून सुरुवात करून चारी बाजूंनी आत आत सरकत मधोमध यायचं. उजव्या हातात सुई आणि डावा हात गोधडीखाली. खालच्या बोटाला टोक लागलं न लागलं की सुई वर वळवायची. आज्या सुईकडे बघतसुद्धा नाहीत, बोलत असतात आणि टाके तांदळाच्या दाण्याएवढे एकसारखे. एका शिकलेल्या मुलीने विचारलं, "आज्जी, ओळ सरळ कशी येते?" आज्जी म्हणाल्या, "आधीच्या वळीला धरून चाल." मागच्या ओळीपासून अंगठ्याच्या रुंदीचं अंतर, बस्स. पट्टी नाही, खडू नाही.

नायलॉनच्या साड्या मधे घालू नका. घसरतात, धावदोरा ढिला पडतो आणि अंगाखाली गरम होतं.

@मापटेप दादांच्या शेवटच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. या आज्यांना आम्ही मानधन दिलं. तेव्हा काही जण म्हणाले, "गोधडी शिकवायला कसले पैसे?" ज्या कामाला आयुष्यभर काम मानलंच गेलं नाही, त्याला निदान वर्गात तरी मोल मिळायला हवं.

बटणकाज (नाशिक)

पुरुषांना या वर्गांत घेतात का? मनापासून विचारतोय. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला धावदोरा, साखळी टाका, काज करायला शिकलो होतो, नंतर सगळं सुटलं. आता स्वतःचे कपडे दुरुस्त करता यावेत एवढीच इच्छा आहे. पँटची झिप बदलणं, पायाची लांबी कमी करणं, उसवलेली शिवण. दोन ठिकाणी चौकशी केली तर "फक्त महिलांसाठी" असं उत्तर मिळालं. त्यांची अडचण समजते, पण मग आम्ही जायचं कुठे?

उलटसुलट (बर्मिंगहॅम)

@बटणकाज, इथे ब्रिटनमध्ये बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत विणकामाचे गट भरतात आणि त्यात पुरुष असतात. आमच्या गटात एक निवृत्त बसचालक आजोबा नातवंडांसाठी मोजे विणतात. टाच वळवायची असली की आम्ही सगळे त्यांच्याकडे जातो. दुरुस्तीचं म्हणाल तर रिपेअर कॅफे ही कल्पना २००९ मध्ये अॅमस्टरडॅमला सुरू झाली आणि इथे अनेक गावांत पोहोचली आहे. आपली बिघडलेली वस्तू घेऊन जायचं, जाणकार स्वयंसेवकासोबत बसून ती आपणच दुरुस्त करायची. कपड्यांचं टेबल तिथे बहुतेक असतंच. नाशिकला असं काही सुरू करता येईल का बघा, एक हॉल आणि दोन मशीनवर भागतं.

विणकाम शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. नमुन्याचा चौकोन विणल्याशिवाय स्वेटरला हात घालू नका. समजा पुस्तकात १० सेंटीमीटरला २० टाके दिलेत आणि तुम्हाला १०० सेंटीमीटर घेर हवाय, म्हणून तुम्ही २०० टाके घातले. तुमचा हात घट्ट असेल आणि १० सेंटीमीटरला २२ टाके पडत असतील, तर स्वेटर भरेल जेमतेम ९१ सेंटीमीटर. चौकोनात दोन टाक्यांचा फरक, अंगावर नऊ सेंटीमीटरचा. अशा वेळी हात बदलायला जाऊ नका, सुया एक नंबर जाड घ्या आणि पुन्हा चौकोन विणा. चौकोन धुऊन, वाळवून मगच मोजायचा, कारण धुतल्यावर लोकर पसरते.

गटात बसल्यावर हे चौकोन एकमेकींच्या शेजारी ठेवून बघता येतात. तीच लोकर, तेवढेच टाके आणि प्रत्येकीचा आकार वेगळा. आपला हात घट्ट की सैल, हे तेव्हा पहिल्यांदा उमगतं.

खांबसाखळी (डोंबिवली)

@उलटसुलट, +१००. क्रोशालाही तंतोतंत लागू.

बाळांसाठी विणणाऱ्यांना एक विनंती. टोपीला आणि झबल्याला गळ्याशी लांब नाड्या नकोत. हातमोज्यांच्या आत सुटे धागे राहू देऊ नका, बाळाच्या बोटाला गुंडाळले गेले तर रक्त अडतं. मोठ्या जाळीची वीणही नको, बोटं अडकतात. सुंदर दिसतं म्हणून लोक करतात, पण इस्पितळात द्यायचं असेल तर आधी तिथल्या परिचारिकेला काय चालतं ते विचारून घ्या.

वाकळ (लातूर जिल्हा)

@बटणकाज दादा, आमच्याकडे महिलांचे वर्ग वेगळे ठेवावेच लागतात. काही जणींना घरून परवानगीच त्या अटीवर मिळते. पण रविवारी वेगळी बॅच घ्यायला काय हरकत आहे? १९३७ ची वर्ध्याची शिक्षण परिषद आणि त्यातून आलेली गांधीजींची नई तालीम आठवा. हातकाम शिक्षणाच्या मध्यभागी ठेवताना मुलगा-मुलगी असा भेद त्यात नव्हता. सूतकताई सगळ्यांनाच.

धावदोरा (पुणे)

@बटणकाज, आमच्या वर्गात पुरुष येतात. त्यांच्यासाठी आम्ही दुरुस्तीपासून सुरुवात करतो, आणि खरं तर सगळ्यांनीच तिथून करावी असं मला आता वाटू लागलंय. उसवलेला कपडा हातात घेतला की तो शिवला कसा होता हे उलगडत जातं. पँटची झिप काढताना कुठली टीप आधी मारली, कुठली नंतर, हे कापडच सांगतं.

आता मोबदल्याबद्दल. मापटेप दादा आणि वाकळताईंचं म्हणणं मला पटतं. आमच्याकडे मशीनवर बसवण्याचं, टाके शिकवण्याचं काम आम्ही हौशी लोक करतो ते तसंच राहू दे. त्यात कुणाचं पोट मारलं जात नाही, उलट कपडा शिवणं किती कष्टाचं आहे हे कळल्यावर लोक शिलाईवरून घासाघीस करणं सोडतात, हे मी बघितलंय. पण बेतणं शिकवायला व्यावसायिक माणूस बोलवावं आणि त्याला त्याच्या दिवसाचे पूर्ण पैसे द्यावेत. वर्गणी थोडी वाढली तरी चालेल. जिला परवडत नाही तिची वर्गणी बाकीच्यांत वाटून घेता येते, गाजावाजा न करता.

मापटेप दादा, पुण्याला याल का? आमच्याकडे परकर झालेल्या मुली ब्लाउजसाठी खोळंबल्या आहेत.

मापटेप (सांगली)

धावदोराताई, येईन. तुळशी विवाहापासून लग्नसराईचं काम अंगावर असतं, त्यामुळे संक्रांतीआधीचे पौषातले दिवस मला जमतील. अटी सांगून ठेवतो. एका वेळी आठ जणींपेक्षा जास्त नको, प्रत्येकीचे खांदे आणि पाठ मला बघायची असते. बेतण्याचा आणि शिवण्याचा दिवस वेगळा.

प्रत्येकीने स्वतःला नीट बसणारा एक जुना ब्लाउज आणावा, फाटका चालेल. आपण तो ब्लेडने न फाडता टीप न् टीप उसवणार आहोत. तुकडे सुटे झाले की इस्त्री करून खाकी कागदावर ठेवायचे आणि कडेने पेन्सिल फिरवायची. मग टेपने घेतलेल्या मापांवरून काढलेली आकृती त्याच्याशेजारी ठेवायची आणि दोन्हींत कुठे फरक पडतो ते शोधायचं. टेप, पट्टी, खडू, खाकी कागदाचे दोन मोठे ताव आणि धारेची कात्री आणावी. कात्रीने त्याआधी कागद कापलेला नसावा. कागद कापायला वेगळी जुनी कात्री आणा.

हॉलमध्ये जमिनीपासून कमरेइतक्या उंचीचं लांब टेबल असेल ना? नसेल तर दोन टेबलं जोडून खाली विटा लावून ठेवा. वाकून बेतलं की कापड सरकतं.